चांद्याचे 1956

31 ऑक्टोबर 1956 च्या रात्री चांदा जिल्हा मध्य प्रदेशात झोपला आणि दुसऱ्या दिवशी मुंबई राज्यात जागा झाला. दीडशे किलोमीटरवरच्या नागपूरचे राजधानीपण गेले आणि मंत्रालयाचा रस्ता हजारेक किलोमीटरचा झाला. राज्य पुनर्रचनेसाठी नेमलेल्या फाजल अली आयोगाने तर विदर्भाच्या वेगळ्या राज्याची शिफारस केली होती. ती बाजूला पडली आणि आठ मराठी जिल्हे द्विभाषिक मुंबईला जोडले गेले. त्याच वर्षी 30 एप्रिलला केंद्राचे नवे औद्योगिक धोरण आले, त्यात कोळसा सरकारने आपल्या हाती राखलेल्या उद्योगांत गेला. दुसरी पंचवार्षिक योजनाही याच वर्षी सुरू झाली. आणि या सगळ्याच्या मध्ये, 16 ऑक्टोबरला, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चांद्यात लाखोंच्या जमावाला बौद्ध धम्माची दीक्षा दिली. राज्याची सीमा आणि योजनेची कलमे यांवरून या सालाचा इतिहास लिहिण्याची आपली रीत आहे. चांद्यापुरता तरी तो 16 ऑक्टोबरपासून मांडायला हवा, असे मला वाटते.

राज्य बदलल्याने इथल्या माणसाच्या पदरी काय पडले, ते आधी तपासू. भाषावार रचनेचा मोठा लाभ म्हणजे कारभार आपल्या भाषेत येणे. पण जुन्या मध्य प्रदेशात हिंदीच्या जोडीला मराठीही राजभाषा होतीच, त्यामुळे चांद्याच्या मराठी शेतकऱ्याला कचेरीत नवी भाषा मिळाली असे नाही. उलट, जिथे भाषेचा प्रश्न खरोखर होता तिथे या रचनेने तो विचारलाच नाही. सिरोंच्याला उभे राहिले की प्राणहितेपलीकडे तेव्हा नव्याने जन्मलेला आंध्र प्रदेश आणि इंद्रावतीपलीकडे मध्य प्रदेशाचे बस्तर. तिन्ही काठांवर गोंडी-माडिया बोलली जाते. भाषेच्या नावाने आखलेल्या रेषांनी एका भाषेची माणसे तीन राज्यांत वाटली, आणि ती भाषा कोणत्याच राज्याची झाली नाही. राजुऱ्याची कथा आणखी गमतीची. हैदराबाद संस्थानातला हा तालुका 1956 मध्ये नांदेडला जोडला आणि 1959 मध्ये चांद्याला. तालुका जागचा हलला नाही, त्याचा जिल्हा मात्र तीन वर्षांत दोनदा बदलला.

धोरणाचे फळ त्याहून उशिरा आले. वरोऱ्याची जुनी कोळसा खाण 1906 मध्येच बंद पडली होती. कोळशाचे राष्ट्रीयीकरण 1973 चे, चंद्रपूरचे औष्णिक वीजकेंद्र ऐंशीच्या दशकातले. कोणी म्हणेल, उशीर झाला तरी आजचे चंद्रपूर घडवले ते कोळशाने आणि विजेनेच. पाया 1956 चाच. हे मान्य करायला हरकत नाही. पण कागदावर पाया घातला गेला त्या वर्षी ज्यांच्या जमिनीखाली कोळसा होता, त्यांना त्या पायाचा पत्ताही नव्हता. वर्षाचा इतिहास म्हणजे त्या वर्षी माणसांनी काय केले, हेही त्यात यायला हवे.

माणसांनी केले ते ऑक्टोबरात. नागपूरची दीक्षा 14 तारखेची. चांद्याचा सोहळा दोन दिवसांनी झाला, म्हणून त्याला नागपूरची पुरवणी मानण्याची सवय पडली आहे. पण त्याची मुळे इथलीच होती. बॅ. राजाभाऊ खोब्रागडे हे याच गावचे, आणि त्यांच्या पुढाकाराने बाबासाहेब इथवर आले. या भागातल्या महारांचा एक जुना धंदा जाडेभरडे कापड विणण्याचा. गावकीच्या कामाबाहेर थोडी स्वतःची मिळकत असलेला हा समाज होता, त्यामुळे निर्णय घेण्याची ताकद त्याच्यात काही एका दिवसात आली नव्हती. बावीस प्रतिज्ञा घेतल्या म्हणजे घरचे देव बाहेर काढायचे, श्राद्ध-पिंडदान थांबवायचे, भटजीला बोलवायचे नाही. यातली एकही गोष्ट जीआर काढून होत नाही. ती चुलीपाशी, लग्नाच्या मांडवात आणि मसणवटीत होते. 1951 च्या जनगणनेत देशभरात बौद्ध होते सुमारे 1 लाख 80 हजार. 1961 मध्ये साडेबत्तीस लाख, त्यातले जवळपास 28 लाख एकट्या महाराष्ट्रात. प्रगणक दारात येतो तेव्हा धर्माच्या रकान्यात जुने नाव सांगणे सोपे असते. लाखो घरांनी नवे सांगितले.

याला खरा आक्षेप पोटापाण्याचा आहे: धर्म बदलून जमीन मिळाली नाही, उलट असलेल्या सवलती गेल्या. आक्षेप खोटा नाही. केंद्राच्या अनुसूचित जातींच्या यादीत बौद्धांना जागा मिळायला 1990 उजाडले. महाराष्ट्राने 1960 मध्ये आपल्यापुरत्या सवलती दिल्या एवढेच. पण या आक्षेपातूनच त्या निर्णयाचे वजन कळते. फायद्यासाठी धर्म बदलला असे म्हणणाऱ्यांनी तोटा कोणी सोसला हे पाहावे.

दुसरा आक्षेप मला अधिक बोचतो. 16 ऑक्टोबर पश्चिमेकडच्या चांद्याचा. पूर्वेच्या जंगलातल्या, म्हणजे आजच्या गडचिरोलीतल्या, गोंड-माडियांना त्याचा स्पर्श झाला नाही. तिथे जमीनदाऱ्या आधीच सरकारजमा होऊन जंगलाचा मालक बदलला होता, आणि 1956 ने दिली ती एक यादी. अनुसूचित जमातींच्या त्या यादीत चांदा जिल्ह्यातले गडचिरोली आणि सिरोंचा हे दोनच तहसील धरले गेले. म्हणजे सिरोंच्याचा गोंड आदिवासी, पण खुद्द चांद्याचा नव्हे. गोंड राजांनी बांधलेल्या परकोटाच्या आत, जटपुरा दरवाजाजवळ राहणाऱ्या गोंडाला कायद्याने आदिवासी ठरायला 1976 चा दुरुस्ती कायदा यावा लागला. तोवर चांद्याचे नाव बदलून चंद्रपूर झाले होते.