मॉलीवूड (मालेगाव)

मॉलीवूड हे मालेगाव (जि. नाशिक) येथील अल्पखर्ची चित्रपटनिर्मितीस मिळालेले नाव आहे. हा तालुका १८६९ पर्यंत खान्देश जिल्ह्यात होता. उर्वरित खान्देशाचे १९०६ मध्ये पूर्व (आजचा जळगाव) व पश्चिम (आजचे धुळे, नंदुरबार) असे विभाजन झाले.

व्युत्पत्ती
मालेगावचे आद्याक्षर आणि 'बॉलीवूड'चा उत्तरार्ध यांच्या जोडणीतून हा शब्द बनला. 'बॉलीवूड'देखील बॉम्बे व हॉलीवूड यांच्या सांध्यातून १९७०च्या दशकात रूढ झाला. त्याच्या जनकत्वाचा दावा एकाहून अधिक व्यक्तींनी केला आहे. मात्र कोलकात्याच्या टॉलीगंजवरून घडलेला 'टॉलीवूड' त्याहून जुना, १९३२ मधील आहे. तेथे 'टॉली' मूळ नावातच असल्याने यमक सहज जुळले. मालेगावकरांना 'मा'चा 'मॉ' करावा लागला. 'वूड' म्हणजे रान, हा अर्थ या प्रवासात पार लोपला. मराठी व्याकरणातील समासात अशी शब्दांची मोडतोड होत नाही, म्हणून यास सामासिक शब्द म्हणणे योग्य नव्हे. मल्याळम चित्रपटसृष्टीही याच नावाने ओळखली जाते.

वापर
नावात विडंबन आहे, तसा स्वाभिमानही. यंत्रमागांच्या या गावात व्हिडिओ पार्लर चालविणारे नासिर शेख यांनी 'मालेगाव के शोले' (२०००) काढला. फैजा अहमद खान यांच्या 'सुपरमेन ऑफ मालेगाव' (२००८) या माहितीपटाने हा उद्योग दूरवर पोहोचविला. त्यातील नायक, यंत्रमाग कामगार शफीक शेख, २०११ मध्ये कर्करोगाने निवर्तले. मुंबईच्या चित्रपटांची नक्कल करणाऱ्या या मंडळींवर पुढे मुंबईनेच 'सुपरबॉईज ऑफ मालेगाव' (दिग्दर्शन: रीमा कागती) हा चित्रपट काढला.