जास्त कॅशेचा प्रोसेसर: तुम्हाला खरंच लागतो का?

कॅशे म्हणजे प्रोसेसरच्या आतली छोटी, पण अतिशय वेगवान मेमरी. देवगाव रंगारीतल्या घराचं उदाहरण घ्या: ओट्यावरचा मिसळणाचा डबा म्हणजे कॅशे, गावातलं किराणा दुकान म्हणजे रॅम आणि छत्रपती संभाजीनगरची बाजारपेठ म्हणजे एसएसडी. डबा मोठा असला की दुकानाच्या फेऱ्या कमी होतात.

एएमडीने २०२२ मध्ये रायझन ७ ५८००एक्स३डी आणला. त्यात ३२ एमबी एल३ कॅशेवर आणखी ६४ एमबीचा थर चढवला. २०२४ च्या ९८००एक्स३डीमध्ये हाच थर कोअरच्या खाली गेला. त्यामुळे कोअरची उष्णता कूलरपर्यंत सहज पोहोचते आणि क्लॉक स्पीड वाढवता आला.

मार्च २०२५ मध्ये १६ कोअरचा रायझन ९ ९९५०एक्स३डी आला. एल३ कॅशे १२८ एमबी! वाद इथेच आहे. जादा कॅशे त्यातल्या ८ कोअरच्याच वाट्याला येते. म्हणून नुसत्या गेमिंगसाठी ९८००एक्स३डी पुरतो. व्हिडिओ एडिटिंग, रेंडरिंगही करणार असाल तरच १६ कोअरचे पैसे वसूल होतात.

आणि गेम फोर-के रिझोल्यूशनवर खेळणार असाल, तर बहुतेक भार ग्राफिक्स कार्डवर पडतो. बजेट बेताचं असेल तर आधी तिकडे खर्च करा.