मुंबईची शिकविणारी रुग्णालये : दान, कर आणि ऋण

रुग्णालय आणि विद्यालय या दोन संस्था निरनिराळ्या आहेत अशी सर्वसामान्य समजूत असते. एकीत रोगी बरा व्हावयाचा, दुसरीत विद्यार्थी शहाणा व्हावयाचा. परंतु वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेल्या रुग्णालयात ही दोन्ही कामे एकाच छपराखाली, एकाच खाटेपाशी आणि पुष्कळदा एकाच माणसाच्या हातून होत असतात. अशा संस्थेचा खर्च कोण चालवितो, तिचे काम कसे चालते, आणि तिच्यापासून लाभ घेणाऱ्या आपणा सर्वांवर कोणते ऋण राहते, याचा विचार इतिहासाच्या आधारे या लेखात करावयाचा आहे. आपल्या समाजातील अनेक कुटुंबांतून आज मुलगे आणि मुलीही डॉक्टर होत आहेत. तेव्हा हा विषय स्मरणिकेच्या पानांत परका वाटू नये असे आम्हांस वाटते.

मुंबईत पाश्चात्य वैद्यक देशी विद्यार्थ्यांना शिकविण्याचा पहिला प्रयत्न इ. स. १८२६ मध्ये झाला. डॉ. मॅक्लेनन यांच्या देखरेखीखाली एक शाळा निघाली आणि मराठीसारख्या देशी भाषांतून शिक्षण देण्याचा उपक्रम झाला. ही शाळा १८३२ साली बंद पडली. पुढे सर रॉबर्ट ग्रँट हे मुंबईचे गव्हर्नर असताना या प्रश्नाला पुन्हा चालना मिळाली. ते १८३८ च्या जुलै महिन्यात दापोडी येथे वारले. त्यांचे स्मारक म्हणून पुतळा न उभारता वैद्यकीय महाविद्यालय काढावे असे मुंबईच्या नागरिकांनी ठरविले व त्यासाठी वर्गणी जमविली. आमच्या मते या शहराच्या सार्वजनिक जीवनातील हा एक अत्यंत सूज्ञ निर्णय होय.

तथापि महाविद्यालय काढले तरी विद्यार्थ्यांनी रोगी पाहावयाचे कोठे? येथे सर जमशेटजी जीजीभाई पुढे आले. रिकाम्या बाटल्यांच्या धंद्यामुळे 'बाटलीवाला' म्हणून ओळखले गेलेले हे गृहस्थ चीनशी चालणाऱ्या कापसाच्या व अफूच्या व्यापारात अपार संपत्ती मिळवून बसले होते. त्यांनी रुग्णालयासाठी १ लाख रुपये देऊ केले. पण अट अशी घातली की, ईस्ट इंडिया कंपनीने तेवढीच रक्कम घालावी. कंपनी सरकारने हे मान्य केले. १८४३ च्या जानेवारीत रुग्णालयाची कोनशिला बसली, १५ मे १८४५ रोजी ते खुले झाले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात ग्रँट मेडिकल कॉलेज शेजारीच सुरू झाले. आमच्या अध्यापनाच्या काळात वर्गात 'जे. जे. म्हणजे काय?' असे विचारले, की बहुतेक मुले 'मोठे हॉस्पिटल' एवढेच सांगत. ती दोन अक्षरे एका माणसाच्या नावाची आहेत हे क्वचितच एखाद्यास ठाऊक असे.

जमशेटजींच्या त्या अटीत या सर्व विषयाचे सार आहे. धनिकाने आपल्या पैशाने इमारत उभारावी. परंतु रोग्याचे जेवण, औषध, नोकरांचे पगार, दिवाबत्ती हा रोजचा खर्च कोणाही एका घराण्याला पिढ्यान्‌पिढ्या झेपणारा नाही. तो राजसत्तेनेच उचलावा लागतो. इमारत एकदाच बांधावी लागते. चूल मात्र रोज पेटवावी लागते. दात्याचे नाव कमानीवर कोरले जाते, पण चुलीत सर्पण घालणाऱ्याचे नाव कोठेच लागत नाही.

महाविद्यालयाचे पहिले प्रमुख डॉ. चार्ल्स मोरहेड यांचा कटाक्ष असा, की केवळ पुस्तकांवरून वैद्य तयार होत नाही. विद्यार्थ्याने खाटेपाशी उभे राहून शिकावे. या शिस्तीतून १८५१ साली जी पहिली तुकडी उत्तीर्ण होऊन बाहेर पडली तिच्यात आठच जण होते. त्यांत डॉ. भाऊ दाजी लाड आणि पुढे १८६७ मध्ये प्रार्थना समाज स्थापन करणारे डॉ. आत्माराम पांडुरंग हे होते. भाऊ दाजींनी गोरगरिबांना औषधे दिली, कुष्ठरोगावरील उपचाराचा शोध केला आणि भारतीय इतिहाससंशोधनातही नाव मिळविले. मोरहेड यांनी हिंदुस्थानातील रोगांवर जो ग्रंथ १८५६ साली प्रसिद्ध केला, त्याचा एक मोठा आधार जे. जे. रुग्णालयातील रोग्यांची टिपणे हा होता. म्हणजे ज्या रोग्यापाशी देण्यासारखा पैसा नव्हता, त्याने आपल्या दुखण्याच्या रूपाने शास्त्राला मोठी देणगी दिली.

मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले आणि त्यानंतर लवकरच ग्रँट मेडिकल कॉलेज त्याला जोडले गेले. येथून एक विलक्षण व्यवस्था रूढ झाली, ती वाचकांनी नीट ध्यानात घ्यावी. अभ्यासक्रम, परीक्षा आणि पदवी विद्यापीठाची. इमारत बहुधा दात्याची. पगार सरकारचा अथवा नगरपालिकेचा. आणि शिकावयाचे ते रोग्याच्या देहावर. चार धनी असलेले हे घर पावणेदोनशे वर्षे टिकून आहे. १९९८ मध्ये नाशिक येथे महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ स्थापन झाल्यावर पदवी देणारे विद्यापीठ बदलले. व्यवस्था मात्र तीच राहिली.

पुढील काळात जे. जे.च्या आवारात व आसपास दानशूरांनी नेत्ररोग्यांसाठी, बाळंतिणींसाठी, स्त्रिया व मुलांसाठी स्वतंत्र रुग्णालये बांधून दिली. सर कावसजी जहांगीर आणि सर दिनशा पेटिट यांची नावे या संदर्भात प्रसिद्धच आहेत. १८८३ मध्ये ग्रँट मेडिकल कॉलेजाचे दरवाजे स्त्रियांना उघडले. याच वर्षी आनंदीबाई जोशी वैद्यक शिकण्यासाठी अमेरिकेस निघाल्या. त्या १८८६ साली पदवीधर झाल्या, आणि त्याच साली मुंबईत स्त्रियांसाठी कामा रुग्णालय उघडले. पुण्यास डेव्हिड ससून यांच्या देणगीतून १८६७ साली उभे राहिलेले ससून रुग्णालय आणि बैरामजी जीजीभाई यांच्या नावाची वैद्यकीय शाळा यांचीही जोडी अशीच जमली. तिचे महाविद्यालय १९४६ साली झाले.

परंतु सरकारी संस्थेत एक मोठे वैगुण्य होते. प्राध्यापकांच्या जागा इंडियन मेडिकल सर्व्हिसच्या अधिकाऱ्यांकडे जात आणि ते बहुतांशी युरोपियन असत. कितीही विद्वान देशी डॉक्टर असला तरी त्याला वरच्या खुर्चीत बसता येत नसे. या अन्यायाला उत्तर म्हणून दोन संस्था निघाल्या. १९२१ साली असहकारितेच्या वातावरणात नॅशनल मेडिकल कॉलेज सुरू झाले. आणि १९२६ च्या आरंभी परळ येथे मुंबई नगरपालिकेचे किंग एडवर्ड मेमोरियल रुग्णालय व शेठ गोरधनदास सुंदरदास मेडिकल कॉलेज यांचे काम सुरू झाले. शेठ गोरधनदासांच्या विश्वस्तांनी देणगी देताना अट घातली, की या महाविद्यालयातील शिक्षक सरकारी नोकरीत नसलेले सुयोग्य भारतीयच असावेत. जमशेटजींची अट पैशाविषयी होती. ही स्वाभिमानाविषयी होती. पहिले अधिष्ठाते डॉ. जीवराज मेहता हे होत. हेच पुढे १९६० साली गुजरात राज्याचे पहिले मुख्यमंत्री झाले. नॅशनल कॉलेजाला टोपीवाले देसाई यांची भरघोस देणगी मिळाली, डॉ. नायर यांचे मातोश्रींच्या नावाने चाललेले रुग्णालय त्याला जोडलेले होतेच, आणि १९४६ साली हा सर्व व्याप नगरपालिकेने आपल्याकडे घेतला. शीव येथील रुग्णालय तर १९४७ साली लष्कराच्या रिकाम्या बराकींत सुरू झाले व १९६४ साली त्यालाही महाविद्यालय जोडले गेले.

आता खर्चाकडे वळू. नगरपालिकेची रुग्णालये चालतात ती कररूपाने जमणाऱ्या पैशावर. घरपट्टी हा त्यांतील एक भाग. दुसरा मोठा भाग, २०१७ च्या जुलै महिन्यात बंद होईपर्यंत, जकातीचा होता. शहरात येणाऱ्या मालावर जकात बसे व ती अखेर गिऱ्हाइकाच्याच खिशातून निघे. झोपडीत राहणाऱ्या हमालाने घेतलेल्या वस्तूंच्या किमतीतही तिचा अंश असे. म्हणून के. ई. एम.च्या किंवा नायरच्या दारात उभा असलेला गरीब मनुष्य फुकट घेण्यास आला आहे असे म्हणणे हिशेबाच्या दृष्टीनेही चूक आहे. त्याने आपली वर्गणी आधीच भरलेली असते. फक्त तिची पावती त्याच्यापाशी नसते.

या हिशेबात आणखी एक गाठ आहे. शिकविण्याचा खर्च कोणता आणि बरे करण्याचा कोणता, हे वेगळे काढता येत नाही. सकाळी प्राध्यापक वॉर्डात फेरी घेतात, तेव्हा ते एका खाटेपाशी रोग्याची नाडी पाहतात, विद्यार्थ्यांना प्रश्न विचारतात आणि मनात एखाद्या संशोधनाचे टिपणही करतात. पगार एक, कामे तीन. रुग्णालयात डॉक्टरांची पथके असतात. त्यांना युनिट म्हणतात. प्रत्येक युनिटचा बाह्यरुग्ण तपासण्याचा वार ठरलेला असतो. रात्री-अपरात्री येणारा रोगी प्रथम पाहतात ते निवासी डॉक्टर. हे पदव्युत्तर विद्यार्थी शिकतही असतात आणि अल्प विद्यावेतनावर रुग्णालयाचा गाडाही ओढीत असतात. पूर्वी या रचनेला मोठा आधार होता तो मानसेवी डॉक्टरांचा, म्हणजे 'ऑनररीं'चा. शहरातील नामांकित डॉक्टर सकाळी रुग्णालयात विनावेतन रोगी पाहत, शिकवीत व दुपारनंतर आपल्या खाजगी दवाखान्यात बसत. त्यांची सेवा पैशात मोजली असती तर नगरपालिकेला झेपली नसती.

या रचनेतून निघालेले काम सामान्य नाही. १८९७ च्या जानेवारीत हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजात तयार केलेली प्लेगची लस प्रथम स्वतःस टोचून घेतली. जगातील पहिले हृदयारोपण झाल्यावर तीन महिन्यांच्या आत, १९६८ च्या फेब्रुवारीत, के. ई. एम.मध्ये डॉ. पी. के. सेन यांनी ती शस्त्रक्रिया केली. रोगी काही तासच जगला, परंतु धाडस मोठे होते. ६ ऑगस्ट १९८६ रोजी याच रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या प्रयत्नांनी नलिकाबालिकेचा जन्म झाला. हे सर्व कोणा श्रीमंत खाजगी संस्थेत घडले नाही. साधा केसपेपर काढून जेथे कोणीही आत जाऊ शकतो तेथे घडले.

दुसरी बाजूही लपवून चालणार नाही. त्याच १९८६ साली, जानेवारी-फेब्रुवारीत, जे. जे. रुग्णालयात भेसळयुक्त ग्लिसरॉल दिले गेल्यामुळे चौदा रोगी दगावले. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने चौकशी केली, तेव्हा औषधखरेदीतील आणि देखरेखीतील सडका भाग उजेडात आला. हिशेबवहीतील ढिलाई ही केवळ पैशाची ढिलाई नसते. ती खाटेवर पोहोचते, हा धडा चौदा प्राण देऊन मिळाला. नित्याचे दुखणे मात्र याहून लहान व म्हणूनच दुर्लक्षित आहे. आम्ही एका आप्ताच्या आजारात एका मोठ्या सार्वजनिक रुग्णालयात काही दिवस काढले. डॉक्टर विद्वान, सिस्टर कष्टाळू. परंतु औषध संपलेले, आणि हाती 'बाहेरून आणा' अशी चिठ्ठी. आम्हांपाशी निवृत्तिवेतन होते. शेजारच्या खाटेवरील शेतमजुराची बायको ती चिठ्ठी हातात धरून बराच वेळ तशीच उभी होती. अखेर वॉर्डातील आयाने तिला समाजसेवा विभागाची वाट दाखविली.

अशा वेळी उपयोगी पडतो तो गरीब रोग्यांसाठी लोकांच्या देणग्यांतून चालणारा निधी. के. ई. एम.मध्ये त्याला 'पुअर बॉक्स चॅरिटी फंड' म्हणतात. वैद्यकीय समाजसेवक रोग्याची परिस्थिती पाहून त्यातून मदत मिळवून देतात. भारतातील अशी पहिली नेमणूक १९४६ साली जे. जे.मध्येच झाली. २०१२ नंतर राज्य शासनाच्या विमा योजनेचा आधार आला. प्रथम राजीव गांधी यांच्या व पुढे महात्मा जोतीराव फुले यांच्या नावाने चाललेल्या या योजनेत ठराविक आजारांच्या उपचाराचे पैसे सार्वजनिक रुग्णालयालाही मिळतात. परंतु यादीत न बसणारा रोगी व संपलेले औषध यांच्यासाठी आजही त्या पेटीकडेच पाहावे लागते.

वाचकहो, या इतिहासातून आम्हांस दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. पहिली तरुण डॉक्टरांना. तुमच्या पदवीवर विद्यापीठाची मुद्रा आहे आणि तुमच्या आईबापांनी फीही भरली आहे. पण ज्यांच्या देहावर तुम्ही इंजेक्शन देण्यास, टाके घालण्यास, निदान करण्यास शिकलात, त्या रोग्यांची फी अद्याप चुकती व्हावयाची आहे. आठवड्यातून एक सकाळ जुन्या ऑनररींप्रमाणे विनामूल्य द्याल तर तिचे थोडे व्याज फिटेल. दुसरी गोष्ट सर्व कुटुंबांना. बारशाला, लग्नाला, श्राद्धाला आपण यथाशक्ति दानधर्म करतोच. त्यातील काही भाग अशा रुग्णालयाच्या गरीब रोगी निधीत, पावती घेऊन, दरवर्षी नेमाने टाकावा. त्यावर संगमरवरी पाटी लागणार नाही हे खरे. परंतु पाटी लावून बांधलेल्या भिंती मुंबईत पुष्कळ आहेत. उणीव आहे ती रोजच्या औषधाची. जमशेटजींनी आपला वाटा घालताना दुसऱ्यानेही वाटा घालावा अशी अट घातली. ती अट आपल्यालाही लागू आहे असे समजून प्रत्येकाने आपला लहानसा वाटा उचलावा, एवढीच विनंती करून हा लेख येथे पुरा करतो.