संगणकातून आवाज येत नसेल तर दोष कसा शोधावा?

काल रात्रीपर्यंत नीट चालणाऱ्या संगणकातून सकाळी आवाजच येईनासा होतो. व्हिडिओ चालू असतो, बोलणाऱ्याचे ओठ हलताना दिसतात, पण ऐकू काहीच येत नाही. अशा वेळी घाईघाईने दोनपैकी एक उपाय केला जातो. एक तर संगणक दुकानात नेऊन 'फॉरमॅट मारून' घेतला जातो, नाहीतर इंटरनेटवर सापडलेले ड्रायव्हर 'आपोआप दुरुस्त' करणारे एखादे मोफत सॉफ्टवेअर टाकले जाते. पहिल्या उपायात बॅकअप न घेतलेले फोटो आणि कागदपत्रे कायमची जाऊ शकतात. दुसऱ्यात नको त्या जाहिराती आणि कधीकधी व्हायरसही संगणकात शिरतो. खरे तर घरच्या घरी अर्ध्या तासात दोष कुठे आहे हे बऱ्याचदा कळू शकते.

आवाजाचा रस्ता ठरलेला असतो. ब्राउझर किंवा व्हिडिओ प्लेअर आवाज विंडोजकडे देतो, विंडोज तो निवडलेल्या 'आउटपुट'कडे पाठवते, तिथून ड्रायव्हरमार्फत तो मदरबोर्डवरच्या ऑडिओ चिपकडे जातो आणि शेवटी जॅक, वायर व स्पीकरपर्यंत पोहोचतो. यातली कुठलीही कडी तुटली तरी परिणाम एकच, शांतता. म्हणून कडी शोधायची, सगळेच बदलायचे नाही. संगणक सुरू होताना 'बीप' ऐकू आला म्हणजे आवाजाची यंत्रणा ठीक आहे, असेही समजू नये. तो बीप बहुधा मदरबोर्डला जोडलेल्या वेगळ्या, छोट्या स्पीकरचा असतो.

आधी वायर आणि बटणे

स्पीकरचा दिवा लागला आहे का, त्याची आवाजाची कळ शून्यावर तर नाही ना, हे आधी पाहावे. डेस्कटॉपच्या मागे सहसा तीन रंगांचे जॅक असतात. हिरवा स्पीकरसाठी, गुलाबी माइकसाठी आणि निळा बाहेरून आवाज आत घेण्यासाठी. झाडलोट करताना पिन निघाली आणि परत लावताना गुलाबीत गेली, हे फार घडते. स्पीकरची पिन मोबाइलला (जॅक असलेल्या) लावून गाणे वाजवले की स्पीकर चांगला आहे की नाही, हे लगेच कळते. उलट, साधा इअरफोन संगणकाला लावून पाहिला तर संगणकाची बाजू तपासता येते.

कॅबिनेटच्या पुढच्या बाजूच्या जॅकमधून आवाज येत नसेल पण मागच्यातून येत असेल, तर चिंता नको. पुढच्या जॅकची वायर आत मदरबोर्डवरच्या पिनांना जोडावी लागते. असेंबल केलेल्या संगणकात ती कधी जोडायचीच राहून जाते, तर कधी धूळ साफ करताना निघते.

लॅपटॉपवर म्यूटची कळ वरच्या 'एफ' कळांच्या रांगेत असते आणि चुकून दाबली जाते. ब्राउझरचा एखादा टॅबही स्वतंत्रपणे म्यूट होऊ शकतो. म्हणून फक्त एकाच संकेतस्थळाचा आवाज येत नसेल, तर त्या टॅबवर राइट क्लिक करून पाहावे. विंडोजच्या 'व्हॉल्यूम मिक्सर'मध्ये प्रत्येक प्रोग्रामचा आवाज वेगळा असतो, तिथेही नजर टाकावी.

आवाज भलतीकडेच जातो

वायर आणि बटणे ठीक असतील, तर पहिला संशय इथे घ्यावा. नवा मॉनिटर एचडीएमआय वायरने जोडला की त्याच वायरीतून आवाजही जाऊ शकतो, आणि विंडोज मॉनिटरलाच स्पीकर समजून आवाज तिकडे पाठवू लागते. मॉनिटरला स्पीकरच नसले तर तो आवाज तिथेच विरतो. ब्लूटूथचेही तसेच. दुसऱ्या खोलीत उशीखाली पडलेले इअरबड्स संगणकाशी जोडलेले असतील, तर गाणे उशीखाली वाजत असते.

उपाय सोपा आहे. विंडोज ११ मध्ये खालच्या पट्टीवरील स्पीकरच्या चिन्हावर क्लिक करावे आणि आवाजाच्या सरकपट्टीशेजारच्या चिन्हावर टिचकी मारून यादीतून योग्य स्पीकर निवडावा. विंडोज १० मध्ये त्याच चिन्हावर क्लिक केल्यावर वर उपकरणाचे नाव दिसते, त्याशेजारच्या बाणातून यादी उघडते.

हिरवी पट्टी काय सांगते

दोष तरीही सापडला नाही, तर एक चाचणी करावी. एखादे गाणे चालू ठेवून कंट्रोल पॅनेलमधील 'साउंड' उघडावे आणि 'प्लेबॅक' या टॅबवर जावे. तिथे प्रत्येक उपकरणाच्या उजवीकडे एक उभी पट्टी असते. आवाज ज्या उपकरणाकडे जातो, त्याची पट्टी हिरवी होऊन वरखाली नाचते.

कुठलीच पट्टी नाचत नसेल तर आवाज विंडोजपर्यंत पोहोचतच नाही किंवा विंडोजची ऑडिओ सेवा अडकली आहे. भलत्याच उपकरणाची पट्टी नाचत असेल तर योग्य उपकरणावर राइट क्लिक करून त्याला 'डिफॉल्ट' करावे. योग्य उपकरणाची पट्टी नाचते आणि तरीही ऐकू येत नाही, तेव्हा दोष पुढे, म्हणजे ड्रायव्हर, जॅक, वायर किंवा स्पीकरमध्ये असण्याची शक्यता मोठी. हवे ते उपकरण यादीत दिसतच नसेल, तर मोकळ्या जागी राइट क्लिक करून बंद केलेली उपकरणे दाखवण्याचा पर्याय निवडावा. पुष्कळदा ते तिथे 'डिसेबल' होऊन बसलेले असते.

सेवा अडकली असेल तर रीस्टार्ट पुरतो. मात्र 'शट डाउन' करून पुन्हा चालू करणे म्हणजे रीस्टार्ट नव्हे. 'फास्ट स्टार्टअप' चालू असेल तर शट डाउनच्या वेळी विंडोज आपल्या गाभ्याची स्थिती डिस्कवर साठवते आणि पुढच्या वेळी तीच परत उचलते, त्यामुळे दोषही कधीकधी तसाच परत येतो. म्हणून मेन्यूतला 'रीस्टार्ट'च निवडावा.

ड्रायव्हर

विंडोज अपडेटनंतर आवाज गेला असेल, तर संशय ड्रायव्हरवर घ्यावा. 'डिव्हाइस मॅनेजर'मध्ये 'साउंड, व्हिडिओ अँड गेम कंट्रोलर्स' हा गट उघडावा. अनेक संगणकांत तिथे तैवानच्या रिअलटेक कंपनीच्या चिपचे नाव दिसते. पिवळा त्रिकोण असेल तर 'प्रॉपर्टीज'मधील 'ड्रायव्हर' टॅबवर 'रोल बॅक' चालतो का पाहावे. जुना ड्रायव्हर शिल्लक नसेल तर ते बटण फिके असते. मग 'अनइन्स्टॉल डिव्हाइस' करून रीस्टार्ट करावे. विंडोज बहुधा स्वतःच ड्रायव्हर पुन्हा बसवते. नवा ड्रायव्हर हवा असेल तर तो लॅपटॉप किंवा मदरबोर्ड बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावरूनच, मॉडेल क्रमांक पाहून घ्यावा. गटात चिपचे नावच नसेल, तर बायॉसमध्ये ऑडिओ बंद झाला आहे का, ते पाहावे लागते.

लॅपटॉपच्या बाबतीत आणखी एक शक्यता असते. जॅकमध्ये धूळ किंवा पावसाळ्यातला ओलावा साचला, तर हेडफोन लावलेला नसतानाही लॅपटॉपला तो लावलेला वाटतो आणि आतले स्पीकर गप्प होतात. लॅपटॉप बंद करून हेडफोनची पिन आठ-दहा वेळा घालून काढावी. सुई किंवा टाचणी आत घालू नये, आतले पातळ पत्रे वाकतात.

फॉरमॅटआधीची चाचणी

कशानेही जमले नाही, तर फॉरमॅट करण्याआधी उबुंटूसारखी लिनक्स पेन ड्राइव्हवर घेऊन, इन्स्टॉल न करता, 'ट्राय' पर्यायाने सुरू करावी. डिस्कवरचे काही पुसले जात नाही, मात्र 'इन्स्टॉल' दाबू नये. लिनक्समध्ये आवाज आला तर यंत्र धडधाकट आहे, दोष विंडोजमध्ये आहे. तिथेही शांतता असेल तर चिप किंवा जॅक बिघडल्याचा संशय बळावतो, आणि तेव्हा फॉरमॅट करून बहुधा काहीच साधणार नाही. त्यासाठी मदरबोर्ड बदलण्याचीही गरज नसते. यूएसबीला लावायचे छोटे साउंड कार्ड काहीशे रुपयांत मिळते, ते सहसा वेगळ्या ड्रायव्हरशिवाय चालते आणि बिघडलेल्या चिपला वळसा घालून आवाज थेट स्पीकरकडे नेते.