सरखेल कान्होजी आंग्रे : कर्तृत्व आणि वारसा

काशीतील अहिल्याबाई घाट ही अठराव्या शतकातील मराठी कर्तृत्वाची आजही वापरात असलेली खूण आहे. त्याच शतकात पश्चिम समुद्रावर दरारा असलेले आंग्र्यांचे आरमार मात्र एका पिढीतच मोडले. हे कसे घडले, याचा उलगडा करण्यासाठी सरखेल कान्होजी आंग्रे यांच्या कार्याचे स्वरूप नीट ध्यानात घ्यावे लागते.

इंग्रजांनी कान्होजींना चाचे ठरविले. वस्तुतः त्यांचा आग्रह दस्तकाचा होता. कोकण किनाऱ्यालगत व्यापार करणाऱ्या जहाजाने आंग्र्यांचा परवाना घ्यावा, न घेतल्यास ते धरले जाईल, हा तो नियम. पोर्तुगीज आपल्या ‘कार्ताझ’ परवान्यांद्वारे हाच हक्क पूर्वीपासून बजावीत होते. तेव्हा वाद लुटीचा नसून समुद्रावरील सत्तेचा होता. १७१८ मध्ये इंग्रजांचा खांदेरीवरील हल्ला फसला. १७२१ मध्ये इंग्रज व पोर्तुगीज यांनी मिळून कुलाब्यावर केलेली स्वारीही निष्फळ ठरली.

या सामर्थ्याला राज्याचे अधिष्ठान मिळाले ते बाळाजी विश्वनाथांच्या मध्यस्थीमुळे. १७१३-१४ च्या सुमारास कान्होजींनी शाहू महाराजांची सत्ता मान्य केली आणि सरखेलपद त्यांच्याकडे राहिले. तथापि आरमाराचे किल्ले, उत्पन्न व नेमणुका आंग्रे घराण्याच्याच हाती होत्या. ४ जुलै १७२९ रोजी कान्होजी निवर्तले. १७३३ मध्ये ज्येष्ठ पुत्र सेखोजीही मृत्यू पावल्यावर भाऊबंदकी उफाळली आणि आरमार कुलाबा व विजयदुर्ग असे विभागले गेले. पुढे तुळाजीने पेशव्यांची सत्ता जुमानली नाही. त्याच्या पारिपत्यासाठी नानासाहेब पेशव्यांनी इंग्रजांचे साहाय्य घेतले. फेब्रुवारी १७५६ मध्ये वॉटसन व क्लाइव्ह यांनी विजयदुर्ग घेतला. बंदरातील आंग्र्यांची जहाजे जळून गेली. घराण्यातील बंडखोर नमला. परंतु इंग्रजांचा समुद्रावरील प्रबळ प्रतिस्पर्धीही त्याबरोबर नाहीसा झाला. त्यानंतर धुळपांच्या हाताखालील पेशव्यांच्या आरमाराने पराक्रम केला, तरी गेलेले वर्चस्व परत आले नाही.

कान्होजींनी सागरी सत्तेचे तत्त्व प्रस्थापित केले. ते घराण्याच्या कलहापलीकडे जपण्याची व्यवस्था मात्र मराठी राज्याला उभारता आली नाही. १९५१ मध्ये भारतीय नौदलाने मुंबईतील आपल्या तळाला ‘आंग्रे’ हे नाव दिले. तो तळ कंपनीच्या जुन्या मुंबई किल्ल्याच्या जागेत आहे. ज्यांना तेथील अधिकारी चाचे म्हणत, त्यांची सरखेल म्हणून झालेली ही नोंद उशिराची असली, तरी इतिहासाला धरून आहे.