शरणागतीचे दोन अर्थ

कर्जत तालुक्यांत, राजमाचीच्या पायथ्याशीं, कोंडाण्याचीं लेणीं आहेत. तेथील चैत्यगृहाच्या दर्शनी भागीं, एका भग्न मूर्तीच्या मस्तकाजवळ, ब्राह्मी अक्षरांत एक लहानसा लेख कोरलेला आहे. कण्हाचा अंतेवासी बलक ह्यानें हें काम केलें, एवढाच त्याचा आशय. दोन हजार वर्षांपूर्वींच्या ह्या कारागिराला आपल्या नांवाबरोबर गुरूचेंही नांव लिहावेंसें वाटलें. आणि आपण त्याच्यापाशीं राहून त्याच्या आज्ञेंत वागणारा शिष्य आहों, हें सांगण्यांत त्याला कांहींच कमीपणा वाटला नाहीं.

शेजारच्याच खालापूर तालुक्यांत उंबरखिंड आहे. १६६१ च्या फेब्रुवारींत शिवाजी महाराजांनीं कारतलबखानाच्या फौजेला तेथील अरण्यांत कोंडलें. पुढची वाट बंद, मागची वाट बंद. तेव्हां रायबागनीच्या सल्ल्यानें खान शरण आला आणि खंडणी देऊन सुटला. बलकानेंही मान लववली आणि खानानेंही लववली. परंतु ह्या दोन कृतींना एकच नांव देणें भाषेला परवडलें, तरी विचाराला परवडणारें नाहीं.

हा भेद आज मांडण्याचें कारण एका नाजूक विषयांत आहे. प्रौढ स्त्रीपुरुषांच्या खासगी जीवनांत कधीं कधीं एक जण ठरवून आज्ञा करतो आणि दुसरा ठरवून ती पाळतो; बंधन व ताडन हींही त्या प्रीतीचीं अंगें होतात. आपल्या घरांत हा विषय निघालाच, तर तो विकृति म्हणून झटकला जातो किंवा थट्टेवारी नेला जातो. पश्चिमेचें नवें खूळ, असेंही कोणी म्हणतो. इतिहासाच्या अभ्यासकाला मात्र हें शेवटचें म्हणणें मान्य करतां येत नाहीं.

वात्स्यायनाच्या कामसूत्रांत नखक्षत, दंतक्षत आणि प्रहणन ह्यांना स्वतंत्र अध्याय दिलेले आहेत. पुरुषानें खालीं राहून स्त्रीनें पुढाकार घ्यावा, ह्याचाही त्यांत विचार आहे. म्हणजे अधिकाराची अदलाबदल त्याला अपरिचित नव्हती. निवारण करूनही पुरुषानें क्षत केलेंच, तर स्त्रीनें तें सहन न करतां दुपटीनें परत करावें, असें तो सांगतो. परंतु ह्याच विवेचनांत तो तीन अपघात नोंदवून ठेवतो. चोल राजाच्या हातून चित्रसेना नांवाची गणिका मेली. नरदेवाच्या आघातानें एका नटीचा डोळा गेला. आणि कुंतल शातकर्णि सातवाहनाच्या हातून त्याची महादेवी मलयवती प्राणास मुकली. ज्या सातवाहनांच्या काळांत आपल्या घाटवाटांवरचीं लेणीं खोदलीं गेलीं, त्यांच्याच कुळांतील हा राजा. टीकाकार यशोधर म्हणतो कीं, राणी नुकतीच आजारांतून उठलेली होती. तिची संमति होती कीं नाहीं हें कोणी विचारलेलें दिसत नाहीं. पण असती तरी तिच्या अंगीं शक्ति नव्हती, आणि तें ओळखण्याचा भार राजावर होता. भरधाव घोड्याला जसा खड्डा दिसत नाहीं, तसें रागांध माणसाला आघाताचें भान राहत नाहीं, असा दृष्टांत देऊन वात्स्यायन दोघांचेंही बल आधीं जाणून घेण्यास बजावतो, आणि असले घातक प्रकार दाक्षिणात्यांत रूढ असले तरी त्याज्य ठरवतो.

तथापि ह्या ग्रंथांत एक मोठी उणीव आहे. प्रहणनाच्या वेळीं स्त्रीच्या मुखांतून ‘पुरे’, ‘सोड’, ‘आई’ अशा अर्थाचे शब्द निघतात, असें सांगून तो त्यांना शृंगाराच्या उद्गारांतच गणतो. मग खरा नकार ओळखावा कसा? ज्याच्या हातीं त्या क्षणीं सत्ता आहे, त्यानेंच जर नकाराचा अर्थ लावावयाचा, तर नकाराला किंमत ती काय राहिली? आजचे लोक ह्यावर साधा उपाय करतात. प्रसंगाशीं संबंध नसलेला एखादा भलताच शब्द आधीं ठरवून ठेवतात. तो उच्चारतांच सर्व थांबलें पाहिजे. आपलीं मुलें अंगणांत खेळतांना ‘टाइमप्लीज’ म्हणतात, त्यांतला हाच न्याय आहे. आज्ञा एकाच्या हातीं, पण ती संपवण्याचा अधिकार दुसऱ्याच्या हातीं. खेळ आणि छळ ह्यांतील अंतर तेवढेंच आहे.

युरोपांत ह्या प्रवृत्तीला आधीं करारपत्र मिळालें आणि मग रोगाचें नांव. ऑस्ट्रियन कादंबरीकार झाखर-मासोख ह्यानें १८६९ मध्यें फॅनी पिस्टर ह्या स्त्रीशीं सहा महिन्यांच्या दास्याचा लेखी करार केला. पुढें १८९० मध्यें क्राफ्ट-एबिंग ह्या वैद्यानें त्याच्याच नांवावरून ‘मासोकिझम’ हा शब्द बनवला. हा रोगाचा शिक्का पुसला जाण्यास शंभरांहून अधिक वर्षें लागलीं. जागतिक आरोग्य संघटनेनें २०१९ मध्यें स्वीकारलेल्या वर्गीकरणांत परस्परसंमतीची अशी आवड रोग मानलेली नाहीं; संमति नसलेल्या व्यक्तीला पीडा देण्याची वासना तेवढी रोग ठरते.

आपल्याकडे प्रश्न उलट बाजूनें उभा राहिला. रखमाबाईंचें लग्न अकराव्या वर्षीं झालें. नवऱ्याच्या घरीं नांदण्यास त्यांनीं नकार दिला, तेव्हां १८८४ मध्यें दादाजी भिकाजींनीं त्यांच्यावर मुंबईच्या हायकोर्टांत दावा लावला. १८८७ मध्यें निकाल झाला: नांदावयास जा, नाहीं तर सहा महिने तुरुंगांत जा. तुरुंग पत्करूं, असें त्या म्हणाल्या. १८८८ मध्यें तडजोड झाली, आणि पुढें त्या विलायतेस जाऊन डॉक्टर झाल्या. ज्या समाजाला करार करून घेतलेलें दास्य विकृत वाटतें, त्याला न विचारतां लादलेलें दास्य मात्र धर्म वाटलें. पत्नीच्या संमतीवांचूनचा संबंध बलात्कार न मानणारा दंडसंहितेंतील अपवाद २०२३ च्या न्यायसंहितेंतही कायम ठेवलेला आहे, हें विसरतां कामा नये.

त्याच न्यायसंहितेचें पंचविसावें कलम मात्र विचारपूर्वक लिहिलेलें आहे. अठरा वर्षांवरील व्यक्तीनें संमति दिली असेल, तर मृत्यु किंवा जबर दुखापत ज्यांत हेतुपूर्वक वा जाणूनबुजून नाहीं, अशी इजा गुन्हा ठरत नाहीं; उदाहरण दिलें आहे तें पट्ट्याचे हात खेळणाऱ्या दोघांचें. भीतीनें किंवा गैरसमजानें दिलेली संमति ही संमतीच नव्हे, असें दुसरें कलम सांगतें. भूक हीही एक भीतिच आहे. ह्याच डोंगरांतले कातकरी पावसाळ्यांत उचल घेतात आणि पुढचा हंगाम वीटभट्टीवर किंवा कोळशाच्या भट्टीवर फेडतात. अंगठा त्यांचाच असतो, पण ज्याला नाहीं म्हणण्याची ऐपत नाहीं, त्याच्या होकाराला काय अर्थ?

म्हणून कसोटी एकच. मान लववणाऱ्याला ती पुन्हां उचलतां येते का? त्यानें ती उचलली, तर समोरचा थांबतो का? ‘दास’ हें नांव आपल्या संतांनीं आपण होऊन घेतलें, आणि त्यांत त्यांची मान खालीं गेली नाहीं. बलकालाही कण्हाला सोडून दुसरा गुरु करतां आला असता. तो राहिला, म्हणून त्याच्या लेखाला शोभा आहे. उंबरखिंडींत खानाला दुसरी वाट नव्हती. दोन वाटा उघड्या असतां पत्करलेलें आज्ञापालन कोणाला आवडो वा न आवडो, त्याला गुलामगिरी म्हणूं नये. आणि वाट बंद करून मिळवलेल्या आज्ञापालनाला, तें कितीही मंगल अक्षता टाकून मिळवलेलें असो, प्रीति म्हणूं नये.