टूर, दौरा आणि जगायला जाणं

‘टूर’ हा शब्द मुळात प्रवाशाचा नाही, कारागिराचा आहे. वर्तुळ आखायच्या आणि लाकूड कातायच्या हत्याराला ग्रीक भाषेत ‘तोर्नोस’ म्हणत. लॅटिनमध्ये त्याचं ‘तोर्नुस’ झालं, फ्रेंचांनी त्यातून ‘तूर’ काढला आणि इंग्रजांनी तो घरी नेला. आज तो ‘जव्हार-मोखाडा, एक दिवसाची ग्रुप टूर, चहा-नाश्ता-जेवणासह’ असा मोबाइलवरच्या रंगीत पत्रकात विराजमान आहे. पहाटे ठाण्याहून बस सुटते, मनोर-विक्रमगडमार्गे जव्हारला पोचते, जयविलास पॅलेस, शिरपामाळ, दाभोश्याचा धबधबा आणि सनसेट पॉइंट उरकते आणि रात्री ज्या चौकातून माणसं उचलली तिथेच आणून सोडते. वर्तुळ पुरं. त्या ग्रीक हत्यारानं आखलं असतं तर याहून गोल झालं नसतं.

गंमत अशी की आपला ‘दौरा’ही तेच सांगतो. अरबीतला ‘दौर’ म्हणजे फिरणं, आवर्तन. त्यातून आलेला दौरा पूर्वी कलेक्टरसाहेबांचा असे आणि आता तो मंत्र्यांचा असतो. ‘फेरी’, ‘चक्कर’, ‘परिक्रमा’ हीसुद्धा वर्तुळंच. ‘पर्यटन’ हा भारदस्त शब्द फोडला तर ‘परि’ अधिक ‘अटन’, म्हणजे सभोवार भटकणं. ग्रीक, अरब आणि संस्कृत पंडित यांचं एवढ्या एका बाबतीत एकमत दिसतं: हौसेनं किंवा हुकमानं फिरणारा माणूस घरी परत येतो.

यांतला ‘दौरा’ जव्हारकरांच्या चांगलाच ओळखीचा आहे. 1992 साली वावर-वांगणीतल्या बालमृत्यूंची बातमी राज्यभर गेली आणि तेव्हापासून या भागात ‘पाहणी दौरा’ हा जोडशब्द रूढच झाला. गाड्यांचा ताफा येतो, फिरतो, जातो. पाहणारे बदलले, तरी शब्द टिकून आहे.

‘पर्यटना’तल्या ‘अटना’पाशी मात्र जरा थांबायला हवं. ‘अट्’ म्हणजे हिंडणं. तीर्थाटन, देशाटन, भिक्षाटन हे सगळे याच धातूचे. आणि जुने व्युत्पत्तिकार ‘अटवी’ हा शब्दही याच धातूवरून लावतात. अटवी म्हणजे अरण्य, जिथे हिंडावं अशी जागा. अटवीत राहणारे ते ‘आटविक’. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात ते वारंवार येतात, बहुधा राजाला डोकेदुखी म्हणूनच. अशोकाच्या तेराव्या शिलालेखातही अटवीतल्या लोकांना उद्देशून समजुतीचे आणि दमाचे बोल एकाच दमात आहेत. म्हणजे परंपरेची व्युत्पत्ती मानायची तर रविवारी बसमधून उतरणारा पर्यटक आणि धबधब्याच्या वाटेवर करवंदं विकायला बसलेली वारली किंवा कोकणा पोर हे एका धातूचे दोन वंशज. एक रानाभोवती हिंडतो, एक रानातच हिंडते.

अशोकाचं नाव आलंच आहे, तर जव्हार-मोखाडा ज्या पालघर जिल्ह्यात येतात त्या जिल्ह्याचं एक धन सांगून टाकतो, कारण सहलीच्या पत्रकांत ते मला कधी दिसलं नाही. पंडित भगवानलाल इंद्रजी यांना 1882 साली सोपाऱ्यात अशोकाच्या शिलालेखाचा एक तुकडा सापडला. आज हे गाव याच जिल्ह्याच्या वसई तालुक्यात आहे. अशोकाच्या मोठ्या शिलालेखांपैकी हा आठवा, आणि या आठव्याचा विषय काय, तर पर्यटन! पूर्वीचे राजे ‘विहारयात्रे’ला जात, तिच्यात मृगया आणि तसल्याच करमणुकी असत. राज्याभिषेकाला दहा वर्षं झाल्यावर प्रियदर्शी राजा अशोक संबोधीला, म्हणजे बोधगयेला गेला आणि त्या दिवसापासून ‘धर्मयात्रा’ सुरू झाली. या नव्या यात्रेत काय करायचं तेही नमूद आहे: श्रमण-ब्राह्मणांची भेट आणि त्यांना दान, म्हाताऱ्याकोताऱ्यांची भेट आणि त्यांना सोनं, आणि जनपदातल्या माणसांचं दर्शन, त्यांच्याशी धर्माची चर्चा.

इथला ‘दर्शन’ हा शब्द बारकाईनं पाहण्यासारखा आहे. आज आपण ‘मुंबई दर्शन’, ‘जव्हार दर्शन’ म्हणतो, त्यात दर्शन स्थळांचं असतं. अशोकाच्या पत्रिकेत दर्शन माणसांचं आहे. शिवाय तो राजा, म्हणजे लोकांनी येऊन त्याचं दर्शन घ्यायचं हा रिवाज, आणि इथे तो लोकांच्या दर्शनाला निघालेला. सोपाऱ्याचा तुकडा छोटा आहे, त्यावर सगळा मजकूर नाही, तो गिरनार वगैरे ठिकाणच्या प्रतींवरून पुरा करावा लागतो. तरी सव्वादोन हजार वर्षांपूर्वी ‘हौसेची सहल’ आणि ‘माणसं भेटायची सहल’ यांना दोन वेगळी नावं देणारा दगड याच जिल्ह्यात सापडला, ही काही लहान गोष्ट नव्हे.

अशोकानं जी ‘यात्रा’ दोन जातींत विभागली तिचं मराठीत पुढे आणखी एक पिल्लू झालं, ‘जत्रा’. शब्द एकच. शिकलेल्या तोंडात तो यात्रा राहिला, खेड्यात जत्रा झाला. यात्रेला आपण जातो आणि जत्रा आपल्या गावी भरते. मोखाड्याचा बोहाडा हे याचं उत्तम उदाहरण. देवदेवतांचे, राक्षसांचे मुखवटे चढवून सोंगं रात्रभर नाचत येतात आणि आजूबाजूच्या पाड्यांवरची माणसं ती पाहायला जमतात. इथे कुणी कुणाला स्थळ दाखवत नाही. देवच दारी येतात, प्रेक्षकानं जागं राहिलं की पुरे.

यात्रेला ‘कंपनी’ जोडून मराठी माणसानं ‘यात्रा कंपनी’ केली आणि हा जोडशब्द मला फार आवडतो. लॅटिनमध्ये ‘कोम’ म्हणजे सह आणि ‘पानिस’ म्हणजे पाव. एका पावावर जेवणारे सोबती ते ‘कोंपानियो’, त्यावरून कंपनी. याच ‘पानिस’चा पोर्तुगिजांनी केलेला ‘पाव’ गोव्या-वसईच्या वाटेनं आपल्या ताटात आला. तेव्हा वडापावातला पाव आणि यात्रा कंपनीतली कंपनी ही सख्खी चुलत भावंडं! उदेपूरच्या राजवाड्यापेक्षा त्या रात्रीच्या आमटी-भाताची आठवण जास्त काढणारे प्रवासी आपण सगळ्यांनी पाहिले आहेत. त्यांना हसू नये, ते व्युत्पत्तीला धरूनच वागतात.

संस्कृतात अशा घोळक्याला ‘सार्थ’ म्हणत आणि त्याच्या म्होरक्याला ‘सार्थवाह’. बैलांच्या पाठीवर माल लादून घाट उतरणारा व्यापाऱ्यांचा तांडा म्हणजे सार्थ. आजचा टूर लीडर सार्थवाहाच्या गादीवर बसला आहे, फक्त चोरांऐवजी त्याला हॉटेलच्या गरम पाण्याची काळजी. या ‘सार्थ’चीच ‘साथ’ झाली. सोबत या अर्थानं साथ आणि रोगाची साथ हे शब्द मराठीत जुळे दिसतात. मोठ्या ग्रुपमध्ये एकाला जुलाब सुरू झाले की हा भेद उरतही नाही.

आता रानाकडे वळू. हिवाळ्यात राजस्थानची आठ दिवसांची टूर करणारी मंडळीच बहुतेक पावसाळ्यात जव्हारला येतात. किल्ले, वाळवंट आणि रणथंभोरची सफारी तिकडे, हिरवं ‘जंगल’ इकडे. शब्दाच्या हिशेबानं मात्र पाटी उलटी लागली आहे. संस्कृतातलं ‘जांगल’ म्हणजे कोरडा, उघडा, विरळ झाडांचा मुलूख. आयुर्वेदात जमिनीचे प्रकार सांगताना जांगल देश आणि आनूप देश असे समोरासमोर ठेवले आहेत. जांगल म्हणजे पाणी कमी, ऊन-वारा भरपूर. आनूप म्हणजे पाणथळ, दाट झाडीचा. बिकानेरच्या वाळूच्या मुलखाला ‘जांगळदेश’ हे जुनं नाव आहे आणि तिथल्या राजघराण्याचं ब्रीद ‘जय जंगलधर बादशाह’. म्हणजे खरं जंगल बघायचं असेल तर बिकानेरला जावं. श्रावणातला जव्हार, जिथे दरड आणि धुकं यांतलं अंतर कळत नाही, तो शास्त्रानुसार आनूप. जंगलाचा अर्थ ओसाडीकडून झाडीकडे कसा सरकला? जिथे शेत नाही, वस्ती नाही, ते सगळं ‘जंगल’ म्हणायची सवय लागली. मग कोरडेपणा गळाला आणि मोकळेपण उरलं, आणि मोकळ्या जागेत झाडं उगवली.

‘रान’ आपलं घरचं, अरण्याचं झिजलेलं रूप. कच्छचं ‘रण’ त्याचा भाऊ वाटतो, पण त्याचं कूळ वेगळं असावं. संस्कृतात ‘इरिण’ म्हणजे खारवट, नापीक जमीन, तिथून ते आलेलं दिसतं. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक खलाशी-ग्रंथात कच्छच्या रणाला ‘एरिनोन’ म्हटलं आहे. त्याच ग्रंथात ‘सुप्पारा’ही आहे, म्हणजे आपलं सोपारा. मराठी मुलखात वाळूचं वाळवंट नव्हतंच, त्यामुळे आपल्याला त्यासाठी शब्द घडवायची गरज पडली नाही. नदीकाठच्या वाळूला आपण ‘वाळवंट’ म्हणत होतो, चंद्रभागेचं वाळवंट अजून म्हणतो. पुढे भूगोलाच्या पुस्तकात सहारा आणि थर आले तेव्हा पंढरपूरचाच शब्द ताणून त्यांच्यावर पांघरला. जैसलमेरला उंटावर बसलेल्या आजीला वाळवंट म्हटल्यावर आधी विठोबा आठवत असेल तर भाषेच्या दृष्टीनं तीच बरोबर आहे.

‘सफारी’ची कथा थोडक्यात. अरबी ‘सफर’ आपल्याकडे थेट आली, त्याच धातूचा ‘मुसाफिर’ही. तीच सफर पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर स्वाहिलीत ‘सफारी’ झाली, एकोणिसाव्या शतकात इंग्रजांनी उचलली आणि जिप्सी गाडीत बसून ती आपल्याकडे परतली. सफर पायी, सफारी जीपमध्ये. मोखाडा तालुक्याचा काही भाग 1970 च्या तानसा अभयारण्यात येतो. तिथे वाघाची सफारी नाही, आणि नाही हेच बरं. 2014 साली याच अभयारण्यात रानपिंगळा दिसला. हे दुर्मीळ छोटं घुबड एकेकाळी नामशेष समजलं गेलं होतं, 1997 साली ते खानदेशात पुन्हा सापडलं. ‘अभयारण्य’ हा शब्दही सरकारी टाकसाळीतला नाही. ‘अभयवन’ आणि त्यातल्या प्राण्यांना मारणाऱ्याला दंड हे दोन्ही कौटिल्याकडे आहेत.

स्थळांच्या नावांबाबत वाटाड्याचं ऐकावं आणि थोडं मिठाबरोबर घ्यावं. 1664 साली सुरतेला जाताना शिवाजी महाराज जव्हारजवळ थांबले, इथल्या मुकणे राजघराण्यातल्या विक्रमशहानं शिरपेच देऊन त्यांचा मान केला, म्हणून ‘शिरपामाळ’, असं इथे सांगतात. ‘शिरपेचमाळ’चं ‘शिरपामाळ’ होणं अशक्य नाही. पण श्रीपतीचा शिरपा होतो हेही खेड्यात सगळ्यांना ठाऊक असतं. मी शिरपेचाची बाजू सोडणार नाही, मात्र एखाद्या शिरपाचा दावाही फेटाळणार नाही. ‘पाडा’ मात्र निर्विवाद आहे. संस्कृत ‘पाटक’, गावाचा भाग, त्यावरून मोखाड्याचा पाडा आणि त्यावरूनच कोलकात्याचा ‘पारा’. ‘पॉइंट’बद्दल माझं मत वाईट आहे. टोक, कडा, सुळका, माळ एवढे शब्द असताना सगळ्यांना एकच टोपी घातली आणि मग ‘सात पॉइंट मारले’ हा हिशेब आला.

उरला ‘प्रवास’. आपण तो सगळ्याच जाण्याला वापरतो, पण त्याच्या पोटात ‘वस्’ आहे, राहणं. प्रवास म्हणजे घरापासून दूर राहणं. पती दूरदेशी गेलेली ती ‘प्रोषितभर्तृका’ याच धातूची. या अर्थानं जव्हार-मोखाड्यात खरा प्रवास दिवाळीनंतर सुरू होतो. भात, नागली, वरई घरात आली आणि ती पावसाळ्यापर्यंत पुरणार नाही हे कळलं की बिऱ्हाडं निघतात. गोणीत पातेली, वर बांधलेलं अंथरूण, टोपलीत कोंबडी, कडेवर पोर. भिवंडी, वसई, वाड्याकडच्या वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर. विचारलं, कुठे चाललात, तर उत्तर मिळतं, ‘जगायला’. ‘स्थलांतर’ हा अहवालातला शब्द झाला, त्यात जागा बदलते एवढंच कळतं. ‘जगायला जाणं’ यात जागेचं नावच नाही, कारण तेवढं आहे. टूर, दौरा, फेरी, पर्यटन या सगळ्यांत वाट कशी वळते ते सांगितलंय. या एकाच शब्दात माणूस का निघाला ते सांगितलंय. पावसाआधी तीही परततात, म्हणजे वर्तुळ इथेही आहे, पण त्याला कुणी टूर म्हणत नाही.

म्हणून सहल काढणाऱ्यांना दोन सूचना. पत्रकात ‘लोकल गाइड’ लिहायला हरकत नाही, ‘गाइड’ हा शब्दही शेवटी आपल्या ‘विद्’चा, म्हणजे जाणण्याचा, दूरचा नातलग आहे. पण ‘वाटाड्या’ लिहिलंत तर तो पाड्यावरचाच असावा लागेल, मनोरहून आणता येणार नाही. आणि पावसाळ्यातल्या चार रविवारांवर थांबू नका. दिवाळी ते होळी हवा सुंदर असते, आकाश स्वच्छ असतं, दाभोश्याला पाणीही असतं. त्या महिन्यांत सहली काढा, आणि वाटाड्याची दिवसाची रोजी तिकिटातच धरा, वरची बक्षिसी म्हणून ठेवू नका.